वास आणि आकडा

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सुचवलं होतं, "तू सॉफ्टवेअरमधली आहेस, तर एआयवर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, एआयवर आता प्रत्येकाच्या घरातला भाचा बोलतो, मला हवेवर बोलायचंय. पलीकडे जरा शांतता. मग प्रश्न आला, "म्हणजे हवामान का?" नाही. हवा. आपण आत्ता या हॉलमध्ये बसून घेतोय ती.

आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. आपल्या तुकडीतले डॉक्टर समोर बसलेत. माझं कुठे चुकलं तर त्यांनी खुशाल हात वर करावा. शाळेत मी त्यांना खूप टोकलंय, तेवढी परतफेड त्यांना करू द्या.

दहावीतला प्रयोगशाळेतला एक तास आठवून बघा. विज्ञानाच्या बाईंनी फेरस सल्फाइडच्या खड्यांवर सौम्य आम्ल घातलं आणि म्हणाल्या, "हायड्रोजन सल्फाइड. कुजक्या अंड्यांचा वास." मागून आवाज आला, "बाई, हा तर रोज रात्री आमच्याकडे येतो!" अख्खा वर्ग हसला. तो आवाज कोणाचा होता ते मी सांगत नाही, तो आज बायको-मुलांसह आलाय. बाईसुद्धा हसल्या. पण मग म्हणाल्या, "हसताय काय? या वायूचं एक लक्षात ठेवा. तो फार जास्त झाला की त्याचा वास येणंच बंद होतं." परीक्षेला हा प्रश्न आला नाही, त्यामुळे आपण तो विसरलो. मीही विसरले. मला तो पुन्हा आठवला तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि रात्री दोन वाजता मुलांच्या दवाखान्यात बसले होते.

ते सांगते, पण त्याआधी आपल्या नाकाबद्दल.

डोंबिवलीकराचं नाक ही एक वेगळीच चीज आहे. एमआयडीसी आली साठच्या दशकात, म्हणजे आपल्या जन्माच्या आधी, आणि आपण तिच्याबरोबरच वाढलो. हा वास अंड्यांचा, हा स्पिरिटचा, हा जळक्या रबराचा, हा गोडसर, ज्याने डोकं चढतं. दिवे गेल्यावर मेणबत्ती शोधावी तशा सराईतपणे आपल्या आया वास आला की खिडक्या लावायच्या. माझे बाबा त्याही पुढचे. ते रेल्वेत होते, नोंदी ठेवायची सवय अंगात मुरलेली. ज्या रात्री वास येईल त्या तारखेच्या चौकोनात ते कालनिर्णयवर पेन्सिलीने 'वा' लिहायचे. दुधाच्या हिशेबाशेजारी 'वा'. फारच असला तर 'वा वा'. पाहुणे विचारायचे, हे कसलं कौतुक?

पुढे आपलं गाव बातम्यांमध्ये आलं तेही रंगामुळे. २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला. मध्ये २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात एमआयडीसीत स्फोट झाले, माणसं गेली, कितीतरी लांबच्या घरांच्या काचा फुटल्या. त्यातल्या काही काचा आज इथे बसलेल्यांच्या घरच्या होत्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, त्यात डोंबिवलीला ७८.४१ मिळाले. सत्तरच्या वर म्हणजे 'अतिगंभीर'. देशात चौदावा नंबर. शाळेत एवढे मार्क मिळाले असते तर आई खूश झाली असती. थोडक्यात, डोळ्यांना दिसलं किंवा नाकाला कळलं की बातमी होते, चौकशी होते, कारखाने हलवण्याच्या घोषणा होतात. जे दिसत नाही आणि कळतही नाही, त्याचं काय?

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर घर घेतलं. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, जाहिरातीत हिरवंगार. पहिल्या रात्री मी खिडकीत उभी राहून लांब श्वास घेतला आणि नवऱ्याला म्हटलं, "सुटलो बाबा एकदाचे." वास नव्हता ना! बाबांना किती वेळा म्हटलं, ते घर विका आणि इकडे या.

मुलगा सातवीत नव्हता, सात वर्षांचा होता. त्याला रात्री खोकला सुरू झाला. दिवसा ठीक, पहाटे खोकला. आधी म्हटलं सर्दी, मग ॲलर्जी, मग शाळेतून काहीतरी आणतो. डॉक्टरांनी दम्याचा संशय सांगून पंप लिहून दिला. मी तो आणून फ्रिजवर ठेवला. होय, मी. इंजिनिअर झालेली, दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारी मी. पंपाची सवय लागते असं घरात सगळ्यांचं मत होतं, आणि मनातून माझंही होतं. शिवाय मला वाटायचं, आपण डोंबिवलीत वाढलो तरी आपल्याला काही झालं नाही, मग याला इथल्या चांगल्या हवेत दमा कसा होईल? डिसेंबरातल्या एका रात्री त्याला वाक्य पूर्ण करता येईना. "आई, पा..." आणि थांबायचा. ओठांचा रंग बदललेला. नेब्युलायझर लावल्यावर अर्ध्या तासाने तो 'पाणी' हा शब्द पूर्ण म्हणाला.

तिथल्या डॉक्टरांनी मला दोनच प्रश्न विचारले. पंप का दिला नाही? आणि तो झोपतो त्या खोलीची खिडकी कुठे उघडते? खिडकी घोडबंदर रोडवर उघडत होती. खाली मेट्रोचं खोदकाम, शेजारच्या दोन भूखंडांवर टॉवरचं काम, आणि रात्री दहानंतर उरणच्या बंदराकडून गुजरातकडे जाणाऱ्या ट्रेलरची न संपणारी रांग. मी म्हटलं, "पण आमच्याकडे वास येत नाही." डॉक्टर म्हणाले, "मॅडम, वास येत नाही म्हणूनच तुम्ही खिडकी उघडी ठेवता ना?"

तेव्हा आपल्या बाई आठवल्या.

त्यानंतर मी माझ्या धंद्याला जे येतं ते केलं. कण मोजणारे दोन छोटे सेन्सर आणले. आत एक लेझर असतो, त्याच्या झोतातून जाणारे बारीक कण तो मोजतो. एक ठाण्याला लावला, एक डोंबिवलीला बाबांच्या गॅलरीत. वर्षभर नोंदी झाल्या. (पावसाळ्यात दमट हवेत हा सेन्सर थापा मारतो, तेवढे महिने सोडून द्यायचे.) मग एका रविवारी बाबांचं कालनिर्णय समोर घेऊन त्यांचे 'वा' मी एका रकान्यात भरले आणि सेन्सरचा आकडा शेजारच्या रकान्यात. माझी खात्री होती की दोन्ही जुळतील. जुळले नाहीत. 'वा वा' लिहिलेल्या कित्येक रात्री आकडा साधारणच होता. आणि आकडा सर्वांत चढलेल्या पहाटे बाबांच्या चौकोनात फक्त दूध दीड लिटर.

मी बाबांना म्हटलं, तुमचं नाक चुकतंय. ते म्हणाले, तुझं यंत्र चुकतंय. आम्ही दोघंही बरोबर होतो, कारण आम्ही दोन वेगळ्या गोष्टी मोजत होतो. आज मला एवढंच सांगायचंय. 'हवा खराब आहे' हे वाक्य 'पोटात गडबड आहे' या वाक्यासारखं आहे. त्यावरून औषध देता येत नाही. कुठली गडबड ते आधी कळावं लागतं.

तर कणांपासून सुरू करू. आपल्या केसाची जाडी पन्नास ते सत्तर मायक्रॉन असते. दहा मायक्रॉन आणि त्याहून बारीक कणांना पीएम १० म्हणतात. कल्याण-शीळ रस्त्यावरची धूळ, सिमेंट, आरएमसी प्लांटचा फुफाटा यांत मोठा वाटा या कणांचा. यातले बरेचसे नाकात, घशात, मोठ्या श्वासनलिकांत अडकतात. तिथे चिकट पातळ थर असतो आणि बारीक लव असते, ती कचरा वर ढकलत राहते. आपण खाकरतो, शिंकतो, बाहेर काढतो. त्रास होतोच, पण शरीराकडे झाडू तरी आहे. जे मजूर रोज तिथेच काम करतात, दगड कापतात, त्यांची गोष्ट वेगळी. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात कायमचे व्रण करते, आणि त्यांना मास्क कुणी दिलेला मी तरी क्वचितच पाहिला आहे.

अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक ते पीएम २.५. केसाच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाएवढा कण. हे धुळीचे कमी आणि जळण्याचे जास्त: डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा, बेकरीची भट्टी, फटाके. इथे झाडू चालत नाही. हे थेट फुप्फुसातल्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. असे फुगे आपल्यात कोट्यवधी आहेत. सगळे उलगडून अंथरले तर साधारण बॅडमिंटनचं एक कोर्ट भरेल. त्या कोर्टावर रोज दहा-बारा हजार लिटर हवा फिरते. तिथल्या पेशी या कणांना गिळायला जातात, दाह होतो, आणि तो दाह तिथेच थांबत नाही. रक्त गोठण्याकडे झुकतं, रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, अगदी सूक्ष्म कण तर रक्तातही उतरतात. म्हणून हवेमुळे होणारे मृत्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खोकणारा माणूस येतो, पण त्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा वाटा फार मोठा आहे. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी सहा शहरांतल्या आठ हजारांवर माणसांचा चौदा ते सोळा वर्षं मागोवा घेतला आणि १९९३ साली निष्कर्ष छापला: सर्वांत प्रदूषित शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा सुमारे २६ टक्के जास्त, धूम्रपान वगैरे गोष्टींचा हिशेब वेगळा काढल्यावरही. आणि त्याचा संबंध सर्वांत जास्त होता तो या बारीक कणांशी. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या हवेचं प्रदूषण कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं, म्हणजे तंबाखूच्या शेजारी.

या कणांना वास नसतो. धुक्यासारखे दिसले तर आपण म्हणतो, "वा, काय थंडी पडलीय!"

आता इथे बाबांची गोष्ट येते. चार वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. हवेमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. बासष्ट वर्षं तळलेलं खाल्लंय त्यांनी आणि साखर आहे. एका माणसाच्या बाबतीत बोट ठेवून कारण सांगता येत नाही. पण डॉक्टरांनी चालायला सांगितल्यावर ते पहाटे साडेपाचला एमआयडीसीच्या रस्त्यावर चालायला लागले. का? तर सकाळची शुद्ध हवा! हे आपल्याला लहानपणापासून सांगितलंय. सेन्सर म्हणत होता की डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा आकडा दुपारच्या दुपटीच्या वर आहे. कारण साधं आहे. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरच्या उबदार हवेखाली अडकते, पातेल्यावर झाकण बसावं तशी. त्यात उल्हास नदीचं खोरं, एका बाजूला मलंगगडाची रांग, वारा पडलेला. रात्रभर जे जळलं ते सगळं झाकणाखाली. उन्हं चढली, जमीन तापली की झाकण उडतं. इथे बसलेल्या सर-बाईंमध्ये पहाटे फिरणारे बरेच आहेत हे मला ठाऊक आहे. चालणं सोडू नका. थंडीचे तीन महिने नऊनंतर निघा आणि मोठा रस्ता टाळून आतल्या गल्लीतून चाला. बाबांना हे पटायला दोन हिवाळे लागले. शेवटी त्यांना माझं म्हणणं पटलं नाही, सेन्सरचा आलेख पटला. रेल्वेचा माणूस.

वायूंचं गणित आणखी निराळं. सल्फर डायऑक्साइड, म्हणजे काडी पेटवल्यावर नाकात झोंबतो तो, पाण्यात पटकन विरघळतो. त्यामुळे निरोगी माणसात तो नाक-घशातच बराचसा शोषला जातो, पण दमा असलेल्याची श्वासनलिका काही मिनिटांत आवळतो. गंधकयुक्त कोळसा किंवा तेल जाळणाऱ्या बॉयलरमधून तो येतो. नायट्रोजन डायऑक्साइड मुख्यतः गाड्यांचा, त्यातही डिझेलचा. तो कमी विरघळतो म्हणून खोल जातो, श्वासनलिकांना सूज आणतो, मुलांच्या दम्याशी त्याचं जवळचं नातं. मोठ्या रस्त्यापासून जसं दूर जावं तसा तो झपाट्याने कमी होतो. माझ्या घरात रस्त्याकडची खोली आणि मागची खोली यांत म्हणूनच फरक होता. लंडनमध्ये एला नावाची नऊ वर्षांची मुलगी २०१३ साली दम्याने गेली. घर एका वर्दळीच्या रस्त्याजवळ. तिच्या आईने लढा दिला आणि २०२० च्या डिसेंबरात चौकशीचा निकाल लागला. मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं गेलं, ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच. त्या आईने नंतर सांगितलं की रस्त्याच्या धुराचं कुणी तिला आधी बोललंच नव्हतं. मी हे वाचलं तेव्हा माझा मुलगा शेजारी बसून अभ्यास करत होता. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

ओझोन कुणी सोडत नाही, तो तयार होतो. गाड्यांचे आणि कारखान्यांचे वायू भर उन्हात एकमेकांशी खेळतात, त्यातून. म्हणून तो मार्च-एप्रिलच्या दुपारी. तोच ओझोन वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर असला तर आपलं छत्र, नाकासमोर असला तर फुप्फुसाची भाजणी. आणि कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही, खोकलासुद्धा नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर आलंच नाही, अशी बातमी आपल्याकडे दर थंडीत असते. हा विषय ऐकून बाकी सगळं विसरलात तरी चालेल, घरी जाऊन गीझर न्हाणीघराच्या बाहेर घ्या.

मग आपल्या 'वा' चं काय? ते बहुतेक सेंद्रिय वाफांचे आणि गंधकाच्या संयुगांचे. हायड्रोजन सल्फाइड आपलं नाक अब्जात काही भाग इतका कमी असला तरी ओळखतं. त्या पातळीला डोकं दुखेल, मळमळेल, झोप उडेल, पण लगेच जिवाला धोका नसतो. तोच दशलक्षात शंभर भागांच्या वर गेला की वासाची नसच बधिर होते. गटारात उतरणारे सफाई कामगार यामुळेच जातात. बाईंनी सांगितलं होतं ते हेच. २०१४ च्या अखेरीला उल्हासनगरला वालधुनीत कुणी रसायन ओतलं आणि शेकडो लोकांना दवाखान्यात जावं लागलं, ते आठवत असेल. उलट बेंझीनचा वास गोडसर, जवळजवळ सुखद, आणि वर्षानुवर्षं घेतलं तर रक्ताचा कर्करोग. म्हणजे नाकाला घाण वाटणं आणि शरीराला घातक असणं, यांचा ताळमेळ नाही.

आता माझ्या धंद्यातली एक गंमत. मोबाइलवर तुम्ही एक्यूआय बघता. समीर ॲप आहे. कल्याणला खडकपाड्याला, ठाण्यात कासारवडवलीला मोजणी केंद्रं आहेत. तो एकच आकडा कसा निघतो? २०१५ साली आलेल्या या निर्देशांकात आठ प्रदूषक धरतात. प्रत्येकाचा वेगळा गुण काढतात आणि त्यातला सर्वांत मोठा तुम्हाला दाखवतात. बेरीज नाही, सरासरी नाही. आम्ही प्रोग्रॅमर त्याला 'मॅक्स' म्हणतो. वर्गात सगळ्यांत जास्त मस्ती करणाऱ्या पोराचं नाव घ्यायचं, बाकीचे एकोणसाठ काय करतायत ते विचारायचं नाही. आपल्याकडे ते पोर बहुधा कणच असतं. त्यामुळे त्याच्या आड नायट्रोजन डायऑक्साइड किती चढला ते दिसत नाही. शिवाय बहुतेक प्रदूषकांची चोवीस तासांची सरासरी धरतात. रात्री बारा ते दोन सुटलेला वायू त्या सरासरीत विरघळून जातो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आपले वास त्या आठात नाहीतच. बेंझीनसाठी देशात २००९ पासून मर्यादा आहे, वर्षाला सरासरी पाच मायक्रोग्रॅम, पण निर्देशांकात ते धरत नाहीत. हायड्रोजन सल्फाइड तर दोन्हीकडे नाही. म्हणजे एमआयडीसीत नाक धरून उभं राहावं आणि मोबाइलने 'समाधानकारक' म्हणावं, हे शक्य आहे. मोबाइल खोटं बोलत नाही. त्याला ते विचारलेलंच नाही.

हिरव्या रंगाबद्दलही एक सांगते. आपल्या निर्देशांकात पीएम २.५ तीस मायक्रोग्रॅमपर्यंत असला तर हवा 'चांगली'. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा आहे पंधरा.

बाहेरच्या हवेबद्दल सरकारला बोलणं सोपं. घरातली हवा मात्र आपली आपण करतो. डासांची एक कॉइल रात्रभर जाळली तर तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं होतं. मी मुलाच्या उशाशी कॉइल लावत होते आणि तिचा वास मला आवडायचा, आजोळची आठवण यायची. आता जाळी आहे. उदबत्ती देवापुढे एक लावते आणि खिडकी उघडते. सासूबाईंशी यावरून जे झालं ते स्मरणिकेत छापायचं नाही. भारतात २०१९ मध्ये हवेच्या प्रदूषणाशी जोडलेल्या मृत्यूंचा अंदाज १६.७ लाख होता, त्यातले सुमारे ६.१ लाख घरातल्या धुराचे, मुख्यतः चुलीचे. आपल्या आज्या फुंकणीने चूल फुंकत आयुष्यभर खोकल्या. त्यांनी विडी कधी ओढली नव्हती.

उपायांचं थोडक्यात, कारण वडे गार होतील. एन-९५ मास्क कणांसाठी चांगला, वायूंसाठी निरुपयोगी. एमआयडीसीतून वास आला की मास्क लावून काही होत नाही, खिडक्या लावा. रुमाल ओला करून बांधला तर धूळ अडते, पीएम २.५ आरामात आत. घरात लावायच्या यंत्रातल्या जाळीचंही तेच, वासासाठी त्यात कोळशाचा वेगळा थर लागतो. मुलाला पंप दिला असेल तर द्या. फ्रिजवर ठेवू नका. माझा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे, क्लबकडून क्रिकेट खेळतो. आम्ही त्याची खोली मागच्या बाजूला नेली, पण तो खेळतो ते मुख्यतः पंप वेळेवर घेतो म्हणून. खोली बदलण्याचा त्यात हात किती, ते मला मोजता आलेलं नाही.

आणि तक्रार करताना 'घाण वास येतो' एवढंच लिहू नका. तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, कसला वास, वारा कुठून होता, डोळे चुरचुरले की घसा, घरात कोणाला त्रास झाला. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयात मी बाबांच्या पाच वर्षांच्या कालनिर्णयच्या झेरॉक्स घेऊन गेले होते. तिथल्या अधिकाऱ्याने ते चौकोन बराच वेळ पाहिले. म्हणाले, "आजोबांनी वेळ लिहिली असती तर त्या वेळी वारा कुठल्या दिशेने होता ते काढता आलं असतं." बाबा आता वेळ लिहितात. तुम्हीही लिहा. वीस घरांनी एकाच रात्रीची वेळ लिहिली तर वास कुठून निघाला त्या दिशेला बोट दाखवता येतं. हे एका सेन्सरला जमत नाही, वीस नाकांना जमतं.

जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक सांगते. आपण १९९५ साली शाळेतून घरी जायचो तेव्हा स्टेशन रोडवरच्या रिक्षा आणि स्कूटर शिसं घातलेल्या पेट्रोलवर चालायच्या. शिसं मुलांच्या मेंदूत जातं, बुद्धीवर परिणाम करतं. (गणितात नापास झालेल्यांनी आता कारण मिळालं म्हणून टाळ्या वाजवू नयेत.) त्याचा वास आपल्याला कधी आला नाही, कुणी मोर्चा काढला नाही. २००० सालच्या फेब्रुवारीत ते पेट्रोल देशभर बंद झालं. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ इंधन आलं, डिझेलमधलं गंधक पन्नास भागांवरून दहावर. आपल्या मुलांच्या रक्तातलं शिसं आपल्यापेक्षा कमी असणार, आणि ते त्यांना कधीच कळणार नाही.

सेन्सर आज बरोबर आणलाय. मागे चहाच्या टेबलावर ठेवला आहे, पांढरा डबा, शेजारी बाबांचं या वर्षीचं कालनिर्णय. मघाशी आत वडे तळायला घेतले तेव्हा आकड्याने घोडबंदर रोडला मागे टाकलं. आधी वडा घ्या, मग आकडा बघा. आणि जाताना कृपा करून त्या स्वयंपाकघराची खिडकी कुणीतरी उघडा.